मुंबईच्या दमट हवेत घरचे बी कसे वाळवावे, साठवावे आणि वाटावे

"फ्रीजमध्ये जपून ठेवलेले बी उगवलेच नाही," ही तक्रार मुंबईत गच्चीवर आणि गॅलरीत भाजीपाला करणाऱ्यांकडून दर पावसाळ्यात ऐकू येते. अशा वेळी दोष बहुधा फ्रीजचा नसतो आणि झाडाचाही नसतो. बी पुरेसे वाळण्याआधीच बरणीत बंद केलेले असते, आणि बंद बरणीतला ओलावा ते आतून संपवत राहतो. काम तीन टप्प्यांचे आहे: आधी वाळवणे, मग हवाबंद करणे, आणि सर्वांत शेवटी गारव्यात ठेवणे. हा क्रम बदलला की पुढची सगळी मेहनत फुकट जाते, आणि असे बी दुसऱ्याला दिले तर त्याचा हंगामही वाया जातो.

आधी हवेचा हिशेब

बी साठवण्याच्या जागेचा एक ठोकताळा बीजशास्त्रात सर्रास वापरला जातो. तिथले तापमान फॅरनहाइटमध्ये घ्यावे, हवेतली सापेक्ष आर्द्रता टक्क्यांत घ्यावी, आणि दोन्हींची बेरीज १०० च्या आत राहील असे पाहावे. जुलैत मुंबईच्या घरात २८ अंश सेल्सिअस, म्हणजे सुमारे ८२ अंश फॅरनहाइट तापमान असते आणि आर्द्रता ८० ते ९० टक्क्यांच्या घरात जाते; बेरीज १६० च्या पुढे. फेब्रुवारीतली एखादी कोरडी दुपार धरली तरी बेरीज १०० च्या बरीच वर राहते. याचा सरळ अर्थ असा की मुंबईच्या उघड्या हवेत बी कोणत्याही महिन्यात दीर्घकाळ टिकणार नाही. कपाटात कागदी पुडीत ठेवून वर्षभर बी राखण्याची जी पद्धत देशावरच्या कोरड्या गावांत चालते, ती इथे चालत नाही.

दुसरा ठोकताळाही लक्षात ठेवण्यासारखा आहे. बियातला ओलावा एका टक्क्याने कमी झाला की त्याचे साठवणीतले आयुष्य साधारण दुप्पट होते, आणि तापमान सुमारे ५ अंश सेल्सिअसने उतरले तरी तसेच घडते. दोन्ही उपाय करायचेच आहेत, पण ओल्या बियाला गारवा दिल्याने फारसे साधत नाही, म्हणून ओलाव्याचा बंदोबस्त आधी.

तयारी: साहित्य आणि महिना

बी धरण्याचे काम पाऊस परतल्यावर, ऑक्टोबरच्या उत्तरार्धापासून मेपर्यंत करावे. जूनमध्ये लावलेले दोडका, दुधी, घोसाळे यांचे वेल ऑक्टोबर-नोव्हेंबरात बियाची फळे देतात, तर सप्टेंबर-ऑक्टोबरात लावलेले टोमॅटो, वांगी, मिरची आणि वाल फेब्रुवारी-मार्चमध्ये बियाला येतात. दोन्ही वेळा सोयीच्या आहेत. भर पावसात पिकलेल्या फळाचे बी धरण्याचा मोह टाळावा. फारच दुर्मीळ वाण असेल आणि दुसरी संधी नसेल तरच धरावे, आणि तेव्हा सिलिका जेलशिवाय, म्हणजे हवेतला ओलावा शोषून घेणाऱ्या दाण्यांशिवाय, त्याला हात घालू नये.

पुढील वस्तू आधीच जमवून ठेवाव्यात: स्टीलची किंवा चिनी मातीची पसरट ताटे, बारीक जाळीची गाळणी, सूप किंवा पसरट थाळी, कागदी पाकिटे, पेन्सिल, रबरी रिंगच्या झाकणाच्या काचेच्या बरण्या, अर्धा किलो सिलिका जेल आणि बरणीत मावेल असा छोटा आर्द्रतामापक. यांतल्या आर्द्रतामापकावर खर्च करायला लोक कचरतात. माझ्या मते सगळ्यांत उपयोगी वस्तू तीच आहे, कारण तिच्याशिवाय बी वाळले की नाही हे अंदाजानेच ठरवावे लागते. सिलिका जेल रसायनांच्या दुकानांत सुटे मिळते. निळ्या दाण्यांत रंगासाठी कोबाल्ट क्लोराइड असते आणि ते अपायकारक आहे. स्वयंपाकघरात हाताळायचे असल्याने नारिंगी दाण्यांचे घ्यावे.

तपासा: बरणीत पाणी भरून, झाकण घट्ट लावून ती कोरड्या कागदावर पाच-दहा मिनिटे उलटी ठेवावी. कागदावर थेंब दिसला तर ती बरणी लोणच्याला वापरावी, बियाला नाही. पाण्याने तपासलेली बरणी वापरण्यापूर्वी एक दिवस उघडी वाळवावी.

१. कशाचे बी धरावे, कशाचे धरू नये

पाकिटावर "संकरित" किंवा "एफ-१" लिहिलेले असेल तर त्या झाडाचे बी पुढच्या पिढीत सारखे येत नाही. झाडे उगवतील, फळेही धरतील, पण ती एकमेकांसारखी असतील याची खात्री नसते. स्वतःच्या कुंडीत प्रयोग म्हणून असे बी लावायला हरकत नाही. दुसऱ्याला वाण म्हणून देऊ नये. बाजारातल्या भाजीतून काढलेल्या बियालाही हेच लागू आहे, कारण टोमॅटो, ढोबळी मिरची, काकडी या भाज्यांत संकरित वाणांचे प्रमाण मोठे असते. सरळ वाण, म्हणजे पुढच्या पिढीतही तसेच येणारे, किंवा घराण्यातून आलेले देशी वाण असेल तरच बी धरण्याला अर्थ आहे.

काही बिया मुळातच वाळवून साठवता येत नाहीत. आंबा, फणस, जांभूळ, कोकम आणि कढीपत्ता यांचे बी वाळले की मरते. ही बी फळातून काढल्यावर धुऊन काही दिवसांतच लावावीत, आणि कोणाला द्यायची तर ओलसर कोकोपीटमध्ये, लगेच द्यावीत. खालील कृती त्यांना लागू नाही. कोबीला बी धरण्यासाठी लागणारी थंडी मुंबईत पडत नाही, त्यामुळे त्याचाही विचार सोडावा.

२. झाड आणि फूल निवडणे

सगळ्यांत मोठे फळ कापून खाल्ले आणि उरलेसुरले वाकडे फळ बियाला ठेवले, असे अनेक घरांत होते. नेमके उलटे व्हायला हवे. बियासाठी ठेवायचे झाड फुलोऱ्यातच ठरवावे आणि त्याला रंगीत दोरा बांधावा, म्हणजे घरातले दुसरे कोणी त्याचे फळ तोडणार नाही. पानांवर चट्टे, मुरड किंवा पिवळा-हिरवा कवडेपणा असलेले झाड कधीही घेऊ नये. टोमॅटो आणि घेवड्यावरचे काही विषाणूरोग बियातून पुढे जातात. पालक, कोथिंबीर, मुळा यांत जे झाड सर्वांत आधी फुलोऱ्यावर येते त्याचे बी धरण्याकडे कल असतो, कारण ते हाताशी तयार असते. त्याने दर पिढीत लवकर फुलणारी, कमी पाने देणारी झाडे वाढत जातात. सर्वांत उशिरा फुलणाऱ्या झाडांचे बी धरावे.

त्यानंतर प्रश्न येतो परागांचा. टोमॅटो, वाल, चवळी, घेवडा, मेथी यांचे परागीभवन बहुतांशी फुलातल्या फुलात होते, त्यामुळे शेजारी दुसरे वाण असले तरी बी सहसा शुद्ध राहते. मिरची, वांगी आणि भेंडी यांत मधमाश्यांमुळे काही प्रमाणात सरमिसळ होते. एकाच गच्चीवर दोन प्रकारच्या मिरच्या असतील तर बियाच्या झाडाची एक फांदी कळ्या उमलण्याआधी पातळ मलमलच्या पिशवीत बांधावी, फळ धरले की पिशवी काढावी आणि त्या फळाला दोरा बांधावा. पालक आणि माठ यांचे पराग वाऱ्याने दूरवर जातात; त्यांचे एका वेळी एकच वाण बियाला सोडावे.

वेलभाज्यांना हाताने परागीभवन करावे लागते. दुधी आणि दोडक्याची फुले संध्याकाळी उमलतात. कारले, घोसाळे, काकडी आणि लाल भोपळ्याची सकाळी. उमलण्याच्या काही तास आधी एक नर आणि एक मादी कळी निवडून पाकळ्यांची टोके दोऱ्याने हलकेच बांधावीत. मादी कळीच्या मागे चिमुकले फळ असते, त्यावरून ती ओळखू येते. उमलण्याच्या वेळी दोन्ही सोडून नर फुलाचे पुंकेसर मादी फुलाच्या मध्यावर फिरवावे आणि मादी फूल पुन्हा बांधून टाकावे. सकाळच्या फुलांसाठी कळ्या आदल्या संध्याकाळी बांधून ठेवाव्यात.

सावधान: दोडका आणि घोसाळे एकमेकांत मिसळू शकतात. दोन्ही वेल एकाच मांडवावर असतील आणि हाताने परागीभवन केलेले नसेल, तर त्या बियाच्या पाकिटावर तसे स्पष्ट लिहावे.

३. फळ खाण्याइतके नाही, बियाइतके पिकवणे

सर्वाधिक चुका याच टप्प्यावर होतात, कारण खाण्याजोगे फळ आणि बियाजोगे फळ यांत बराच काळ जातो. भेंडी, काकडी, वांगी, दोडका, दुधी या सगळ्या आपण कोवळ्या खातो. त्या वेळी आतले बी अपुरे असते, आणि ते कितीही नीट वाळवले तरी उगवत नाही.

वांगे वेलावरच्या काकडीसारखेच झाडावर पिवळसर-तपकिरी आणि कडक होऊ द्यावे. काकडी पूर्ण पिवळी किंवा तांबूस होऊन देठ सुकू लागले की तोडावी आणि आणखी आठवडाभर घरात ठेवावी. टोमॅटो पूर्ण लाल, हाताला मऊ लागेल इतका. मिरची लाल होऊन कातडी सुरकुतलेली. कारले नारिंगी होऊन टोकाशी उकलण्याच्या बेतात आले की काढावे. एक दिवस उशीर झाला तर पक्षी आणि खारी आधी पोहोचतात. भेंडी झाडावरच वाळून शिरांवर चिरा पडेपर्यंत, वाल-चवळीच्या शेंगा कुरकुरीत होईपर्यंत ठेवाव्यात. दोडका वेलावर वाळून भुऱ्या कागदासारखा हलका होतो. तो हलवला की आतून खुळखुळ आवाज येतो, आणि खालच्या टोकाची छोटी टोपी बोटाने दाबताच निघून काळ्या बिया ताटात ओतल्यासारख्या पडतात. टोपी सहज निघत नसेल तर तो दोडका अजून तयार नाही.

अवकाळी पावसाचा अंदाज असेल तर जवळजवळ वाळलेल्या शेंगा देठासकट तोडून घरात उलट्या टांगाव्यात. ओल्या शेंगेत बी तिथेच कोंब धरते.

४. बी काढणे

कोरड्या शेंगांचे काम सोपे आहे: हाताने चोळावे, सुपात पाखडावे, फुटके, सुरकुतलेले आणि भोक पडलेले दाणे वेगळे काढावेत. कोथिंबिरीचे धणे साठवताना अख्खेच ठेवावेत. प्रत्येक धण्यात दोन बिया असतात आणि तो पेरतानाच चुरडायचा असतो.

टोमॅटो आणि काकडीच्या बियाभोवती बुळबुळीत गर असतो आणि तो उगवण रोखून धरतो. तो काढण्यासाठी बी आंबवावे लागते. गरासकट बी काचेच्या पेल्यात घ्यावे, गर फारच घट्ट असेल तर थोडे पाणी घालावे, आणि पेल्यावर कापड बांधून सावलीत ठेवावे. मुंबईच्या उकाड्यात एका दिवसात वर बुडबुडे येतात, आंबूस वास सुटतो आणि पृष्ठभागावर पांढरट साय धरू लागते. पेला हलवला की बी गरापासून सुटून तळाशी बसलेले काचेतून दिसते. तिथेच थांबावे. थंड प्रदेशांतल्या लेखांत तीन-चार दिवस सांगितलेले असतात. तेवढे दिवस इथे ठेवले तर बी पेल्यातच मोड धरते. साधारण २४ ते ४८ तास पुरेत, आणि घड्याळापेक्षा तळाशी बसलेल्या बियाकडे लक्ष द्यावे. मग भरपूर पाणी ओतून वर तरंगणारे पोकळ बी आणि गर ओतून टाकावे, गाळणीत वाहत्या पाण्याखाली धुवावे, आणि गाळणीची खालची बाजू फडक्यावर टेकवून पाणी टिपून घ्यावे.

कारल्याच्या बियावरचा लाल गर पाण्यात चोळून काढावा. वांग्याचा गर पाण्यात कुस्करला की चांगले बी तळाशी बसते. मिरचीचे बी काढताना हातमोजे घालावेत आणि पंखा बंद ठेवावा.

सावधान: धुतलेले बी वर्तमानपत्रावर किंवा टिश्यू पेपरवर पसरू नये, ते कागदाला असे चिकटते की सोडवताना साल निघते. स्टीलचे किंवा चिनी मातीचे ताटच वापरावे आणि पहिल्या दिवशी बी दर काही तासांनी हलवावे, म्हणजे गोळे होत नाहीत.

५. वाळवणे: दोन पायऱ्या

पहिली पायरी हवेवरची. बी ताटात एकाच थरात पसरून सावलीत, मंद पंख्याखाली ठेवावे. एप्रिल-मेच्या उन्हात गच्चीवर ठेवलेले स्टीलचे ताट हात लावता येणार नाही इतके तापते, आणि ओले बी ४० अंशांच्या वर तापले तर आतला अंकुर मरतो. बाहेरून ते छान कोरडे दिसते, आणि फसवणूक तिथेच होते. सकाळचे कोवळे ऊन तासभर चालेल. ओव्हन, मायक्रोवेव्ह आणि केसांचा ड्रायर वापरू नये. संध्याकाळी ताट घरात आणून झाकावे, कारण रात्री हवेतला ओलावा वाढतो आणि दिवसभर वाळलेले बी तो परत ओढून घेते. बारीक बियाला चार-पाच दिवस, वाल-भोपळ्यासारख्या मोठ्या बियाला दहा-बारा दिवस लागतात.

या पायरीनंतर बहुतेक जण थांबतात. दररोज वजन करणारे काटेकोर लोकही इथेच फसतात: वजन घटायचे थांबले म्हणजे बी वाळले, असे ते धरतात. प्रत्यक्षात त्याचा अर्थ एवढाच की बी भोवतालच्या हवेइतके कोरडे झाले, आणि मुंबईची हवाच दमट आहे. हवेत ६० टक्के आर्द्रता असेल तर कितीही दिवस पसरून ठेवले तरी भाज्यांच्या बियातला ओलावा साठवणीस योग्य पातळीवर उतरत नाही. प्रमाणित बियाणासाठी भारतात ठरलेली किमान मानके पाहिली तर हा फरक कळतो: टोमॅटो, वांगी आणि मिरचीच्या बियात साध्या वेष्टनासाठी जास्तीत जास्त ८ टक्के ओलावा चालतो, पण हवाबंद वेष्टनात भरायचे असेल तर तो ६ टक्क्यांपेक्षा अधिक नको, भेंडीसाठी हे आकडे १० आणि ८ आहेत. हवाबंद डब्याची अट अधिक कडक आहे, कारण आत कोंडलेला ओलावा बाहेर जायला वाट उरत नाही.

म्हणून दुसरी पायरी सिलिका जेलची. बियाचे वजन करावे आणि तेवढ्याच वजनाचे कोरडे सिलिका जेल बरणीच्या तळाशी घालावे. त्यावर कापडाचा तुकडा टाकून बियाची कागदी पाकिटे उभी ठेवावीत, आर्द्रतामापक आत सोडावा आणि झाकण घट्ट लावावे. सिलिका जेलच्या दाण्यांचा रंग बदलला तर दुसरे कोरडे दाणे घालावेत. बारीक बी तीन-चार दिवसांत, मोठे बी आठवड्याभरात तयार होते.

वाल, चवळी, घेवडा आणि भेंडी यांना मात्र सिलिका जेलमध्ये आठवड्याहून अधिक ठेवू नये. कडधान्य वर्गातले बी फार कोरडे झाले की त्याची साल कठीण बनते, पाणी शोषत नाही, आणि पेरल्यावर एकदम पाणी प्यायल्यास डाळी तडकतात.

सिलिका जेल मिळालेच नाही तर तांदूळ कढईत मंद आचेवर गुलाबीसर होईपर्यंत भाजून, लगेच कोरड्या बरणीत झाकण लावून गार करावा आणि बियाच्या दुप्पट-तिप्पट प्रमाणात पाकिटांखाली घालावा. तो दर दोन-तीन दिवसांनी बदलावा लागतो आणि त्याची शोषणशक्ती बरीच कमी असते; नसण्यापेक्षा बरे, एवढेच त्याच्याबद्दल म्हणता येईल.

तपासा, आणि ही तपासणी टाळू नये: बी सिलिका जेलमधून काढून फक्त आर्द्रतामापकासह लहान कोरड्या बरणीत जवळजवळ काठोकाठ भरावे आणि एक दिवस बंद ठेवावे. आकडा ३० टक्क्यांच्या आसपास किंवा खाली आला तर बी साठवायला योग्य आहे. ४० च्या वर असेल तर परत सिलिका जेलमध्ये. ६५ च्या वर गेले तर त्या बियावर बुरशी येणार हे धरून चालावे.

आर्द्रतामापक नसेल तर हाताने पाहावे. भोपळ्याचे बी वाकवले की कट्कन मोडले पाहिजे, वालाच्या दाण्यात नख रुतता कामा नये आणि हातोडीने ठोकल्यावर तो चेपण्याऐवजी फुटला पाहिजे. बी आणि कोरडे मीठ बरणीत हलवून मीठ काचेला चिकटते का ते पाहण्याची पद्धतही प्रचलित आहे. ती फार ओले बी पकडते. मीठ चिकटले नाही म्हणून बी वर्षभर टिकेल, असा निष्कर्ष तिच्यावरून काढू नये.

वापरलेले नारिंगी सिलिका जेल ओव्हनमध्ये ११० ते १२० अंशांवर एक-दोन तास तापवले की पुन्हा कामाला येते. ते बंद बरणीत पूर्ण गार झाल्यावरच बियाजवळ न्यावे.

६. बंद करणे आणि गारव्यात ठेवणे

वाळलेले बी लहान लहान पाकिटांत भरावे. एका पाकिटात एका हंगामाला पुरेल इतकेच असावे, म्हणजे दरवेळी सगळा साठा उघडावा लागत नाही. सगळी पाकिटे काचेच्या बरणीत, तळाशी थोडे सिलिका जेल, आणि बरणी फ्रीजच्या आतल्या कप्प्यात मागच्या बाजूस ठेवावी. दाराच्या कप्प्यात तापमान सतत वरखाली होते. झिपच्या पातळ प्लास्टिक पिशव्यांतून हवेतली वाफ हळूहळू आत जाते. त्या पाकिटाला पाणी लागू नये म्हणून ठीक आहेत, बरणीची जागा त्या घेऊ शकत नाहीत.

वाल, चवळी, तूर अशा बियात भुंगेऱ्यांची अंडी शेतातूनच आलेली असू शकतात आणि ती डोळ्यांना दिसत नाहीत. वरच्या तपासणीत उतरलेले बी हवाबंद बरणीत भरून आठवडाभर डीप फ्रीजरमध्ये उणे १८ अंशांवर ठेवावे. ओलसर बी फ्रीजरमध्ये ठेवले तर आतले पाणी गोठून अंकुर मरतो, म्हणून येथेही वाळवण आधी. फ्रीजरची सोय नसेल तर दाण्यांना एरंडेलाचा पातळ हात फिरवण्याचा घरगुती उपाय चालतो. राखेत मिसळायचे असल्यास राख चाळलेली आणि पूर्ण कोरडी असावी.

सावधान: फ्रीजमधून काढलेली बरणी लगेच उघडू नये. जुलैत अशी बरणी ओट्यावर ठेवली की मिनिटाभरात काचेवर बाहेरून पाण्याचे थेंब साचतात. झाकण तेव्हाच उघडले तर तेच पाणी आत पाकिटांवर आणि बियावर बसते. रात्रभर बंदच ठेवून सकाळी उघडावी, हवे ते पाकीट काढून झाकण तत्काळ लावावे.

असे साठवलेले टोमॅटो, वांगी, काकडी आणि दुधीचे बी चार-पाच वर्षे, वाल-चवळी तीन वर्षे आणि भेंडी साधारण दोन वर्षे भरवशाची असते. कांद्याचे बी मात्र दुसऱ्या वर्षावर ढकलू नये.

७. वाटण्यापूर्वी उगवण चाचणी

न तपासलेले बी दुसऱ्याला देऊ नये. वीस दाणे मोजून ओल्या, पिळलेल्या सुती फडक्यात अंतर ठेवून मांडावेत, फडके गुंडाळून डब्यात सैल झाकण लावून ठेवावे आणि रोज हवा द्यावी. वाल-चवळी तीन-चार दिवसांत, टोमॅटो आठवड्यात, मिरची आणि वांगी दोन आठवड्यांपर्यंत कोंब दाखवतात. निरोगी, सरळ कोंब आलेले दाणे मोजून त्या संख्येला पाचाने गुणले की टक्केवारी मिळते. तुलनेसाठी, प्रमाणित बियाणाला टोमॅटो आणि वांग्यात किमान ७०, भेंडीत ६५, मिरची आणि वेलभाज्यांत ६० टक्के उगवण लागते. घरचे बी याच्या खाली असेल तर स्वतः दाट पेरून वापरावे. द्यायचेच असेल तर टक्केवारी सांगून, दाणे वाढवून द्यावे.

भेंडी आणि गोकर्णाचे न फुगलेले, टणक दाणे मेलेले समजू नयेत. गोकर्णाचा दाणा सँडपेपरवर हलका घासून आणि भेंडीचे बी रात्रभर भिजवून पुन्हा पाहावे.

८. पुडी, चिठ्ठी आणि देवाणघेवाण

चिठ्ठीशिवाय दिलेले बी वर्षभरात अनोळखी होते. पाकिटावर पेन्सिलीने लिहावे, कारण शाईचे अक्षर ओलाव्यात पसरते. पुढील माहिती असावी: भाजीचे आणि वाणाचे नाव, बी मूळ कुठून आले, कुठे वाढवले, म्हणजे गच्चीवर, गॅलरीत की जमिनीत, आणि किती उन्हात, बी काढल्याचा महिना व वर्ष, परागीभवन हाताने केले की खुले सोडले, उगवणीची टक्केवारी आणि तिची तारीख, पेरणीचा महिना. नावाबाबत एक काळजी घ्यावी. वाल, पावटा आणि घेवडा ही नावे घरागणिक वेगळ्या शेंगांना लावली जातात, आणि शिराळे म्हणजेच दोडका हे प्रत्येकाला ठाऊक असतेच असे नाही. म्हणून नावासोबत शेंगेचे किंवा फळाचे एका ओळीत वर्णन लिहावे: "शेंग चपटी, जांभळी कड, दाणा काळा", इतके पुरते.

द्यायचे प्रमाण असे ठेवता येईल: वाल-चवळीचे दहा ते पंधरा दाणे, वेलभाज्यांचे सहा ते आठ, टोमॅटो-मिरची-वांग्याचे वीस-पंचवीस. आपल्याकडचा निम्मा साठा मात्र कधीही हातचा सोडू नये. दुसऱ्याचा हंगाम फसला तर वाण परत मिळवण्याची तीच एक जागा असते, आणि म्हणूनच एक वाण किमान तीन घरांत, शक्य तर शहराच्या वेगवेगळ्या भागांत असावे.

प्रत्यक्ष देवाणघेवाणीसाठी फेब्रुवारी-मार्च आणि ऑक्टोबर-नोव्हेंबर हे महिने योग्य. सोसायटीच्या गच्चीवर दहा-बारा जण जमले तरी पुरे, मात्र पाकिटे घरूनच भरून आणावीत. उघडी ताटे मांडून चमच्याने वाटायला सुरुवात केली की तासाभरात वाण मिसळतात आणि वाळवलेले बी पुन्हा दमट होते. लोकलच्या गर्दीतून नेताना पाकिटे कडक डब्यात ठेवावीत. टपालाने पाठवायचे तर दोन पुठ्ठ्यांच्या तुकड्यांमध्ये बी सपाट पसरून, चिकटपट्टी लावून, झिपच्या पिशवीत घालून पाठवावे. लिफाफ्यावर शिक्का बसताना मोठे दाणे फुटतात. जून ते सप्टेंबर पाठवणे टाळावे.

कायद्याची बाजूही माहीत असावी. वनस्पती वाण आणि शेतकरी हक्क संरक्षण कायदा, २००१ शेतकऱ्याला आपले बी राखण्याचा, पेरण्याचा, देवाणघेवाणीचा आणि विकण्याचा हक्क देतो; संरक्षित वाणाचे बी ब्रँडच्या नावाने विकण्याची मुभा त्यात नाही. हौशी बागायतदारांनी बी विनामूल्य द्यावे आणि पाकिटावर कोणत्याही कंपनीचे नाव घालू नये. परदेशातून नातेवाइकांनी सहज म्हणून आणलेले बी तर स्वीकारूच नये. बियाच्या आयातीला २००३ च्या वनस्पती संगरोध आदेशानुसार परवाना आणि वनस्पती आरोग्य प्रमाणपत्र लागते, आणि त्यामागचे कारण खरे आहे: रोग बियासोबत येतो.

९. बी मिळाल्यावर

मिळालेले पाकीट त्याच दिवशी तपासावे. बियावर गुलाबी, निळा किंवा हिरवा लेप असेल तर ते बुरशीनाशक लावलेले दुकानातले बी आहे. ते उघड्या हाताने हाताळू नये आणि मुलांच्या हाती लागू देऊ नये. भोक पडलेला एकही दाणा दिसला तर ते पाकीट आपल्या बरणीत न मिसळता वेगळ्या डब्यात बंद करावे आणि देणाऱ्याला कळवावे, म्हणजे तो आपला साठा वेळीच पाहील. बाकीचे बी वाटेत ओलावा घेऊन आलेले असतेच, त्यामुळे दोन-तीन दिवस सिलिका जेलमध्ये ठेवून मगच साठ्यात टाकावे.

सगळे दाणे एकाच वेळी पेरू नयेत. निम्मे पेरावेत, निम्मे राखावेत, आणि नव्या वाणाच्या कुंड्या पहिल्या महिन्यात इतर झाडांपासून थोड्या दूर ठेवाव्यात. हंगामाच्या शेवटी देणाऱ्याला दोन गोष्टी कळवाव्यात: किती दाणे उगवले, आणि फळ चिठ्ठीवरच्या वर्णनाप्रमाणे निघाले का. फळ वेगळे निघाले असेल तर सरमिसळ कुठे झाली ते त्यावरून शोधता येते, आणि त्या वर्षीची उरलेली पाकिटे आणखी कोणाच्या हाती जाण्याआधी बाजूला काढता येतात.